विहिरीवरचं बंद इंजिन: फोटोची चौकट लावायची कशी

गंजलेलं यंत्र दिसलं की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. माझाही जायचा. सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कुंडल भागात उसाच्या बांधांवर, पडक्या गुऱ्हाळांत, वर्कशॉपच्या मागच्या आवारात अशी यंत्रं पडलेली असतात. चार-पाच वर्षं मी ती टिपत होतो. घरी येऊन बघावं तर सगळे फोटो एका साच्यातले: मधोमध तांबडा ढिगारा, मागे बाभळ, वर पांढरंफटक आभाळ. गंज झकास, फोटो मेलेला.

ही गाठ सुटली एका विहिरीवर. नोव्हेंबरातली सकाळ होती. छप्पर उडालेल्या खोलीत दोन चाकांचं जुनं ऑइल इंजिन होतं आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालत होतो. मालक आले. वय सत्तरीच्या पुढचं.

"काय रं, भंगारवाला हाईस व्हय?"

"न्हाई तात्या, फोटो काढतोय."

"ह्याचा? पंधरा वर्सं बंद हाय की गा."

"चालायचं कसं पण?"

तात्यांनी हात वर केला आणि इंजिनाच्या पुलीपासून विहिरीच्या काठापर्यंत हवेत एक उतरती रेघ ओढली. "हितनं पट्टा सुटायचा, त्यो खाली पंपाला." पट्टा जाऊन कैक वर्षं झाली होती. पंपही गेला होता, उरले होते नुसते बोल्ट. पण त्या हाताने दाखवलेली रेघ हीच त्या जागेची चौकट होती आणि मी सकाळपासून तिच्याकडे पाठ करून उभा होतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. ताकद कुठून आली, कुठे वळली, काम कुठे झालं, हे आधी शोधायचं आणि कॅमेरा त्या वाटेच्या हिशोबाने लावायचा. तीच पद्धत खाली पायरी-पायरीने सांगतो. उदाहरणाला तात्यांचं इंजिन धरलंय. चरक, यंत्रमाग, रोड रोलर अधूनमधून येतील.

निघण्याआधी

बेवारस दिसणारं यंत्र बेवारस नसतं. शेतातलं असेल तर मालकाला विचारायचं आणि आपण भंगारवाले, बँकवाले किंवा मोजणीवाले नाही हे पहिल्या वाक्यात सांगायचं. निम्मा संशय तिथेच फिटतो. बंद गिरणी, साखर कारखाना, सरकारी आवार असेल तर लेखी परवानगी घ्या. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. रूळ वापरात नाहीत, ही सबब तिथे कामाची नाही.

मोटेच्या जमान्यातल्या पुष्कळ विहिरींना कठडा नसतो. डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकणारा माणूस अशाच ठिकाणी पडतो. म्हणून नियम एकच: कॅमेरा डोळ्याला असताना पाय हलवायचे नाहीत. गवतात घोणस असते. काठी आपटत जायचं, पायात बूट हवेत. सायलेन्सरच्या तोंडात आणि पान्यांच्या पेटीत गांधीलमाश्यांची पोळी असतात, तिथे आधी लांबूनच बघायचं. गंजक्या पत्र्याने कापलं तर 'बघू उद्या' म्हणू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडायचे नाहीत, फुटलेले हलवायचे नाहीत.

सामान थोडंच लागतं. मोबाइल चालतो, कॅमेरा असेल तर उत्तम. एक हलका ट्रायपॉड, एक टॉर्च, लेन्स पुसायला फडकं आणि बसायला पोतं. पोतं विसरू नका, ते का लागतं ते तिसऱ्या पायरीत कळेल.

पायरी १: कॅमेरा पिशवीत ठेवून प्रदक्षिणा

पहिली दहा मिनिटं फोटो काढायचा नाही. यंत्राभोवती एक पूर्ण चक्कर मारायची, जमलं तर एक जवळून आणि एक लांबून. डोक्यात प्रश्न एकच: हे चालायचं कसं?

तात्यांचं इंजिन लिस्टर या जुन्या इंग्लिश कंपनीच्या धाटणीचं, एका सिलिंडरचं. एक जण हँडल मारायचा आणि डीकॉम्प्रेशनचा लिव्हर (सिलिंडरातली हवा दाबली जाऊ न देणारा) उचललेला ठेवायचा. चाकांनी वेग धरला की लिव्हर सोडायचा, मग धुराचा पहिला भपकारा. अशा इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच इंधन पेटतं. म्हणजे ६५० फेऱ्यांच्या इंजिनात मिनिटाला ३२५ ठोके. दोन ठोक्यांमधला सगळा वेळ इंजिन फिरतं ते चाकाच्या वजनावर. एवढं कळलं की चाक इतकं अवजड का, हेही कळतं, आणि फोटोतलं निम्मं वजन त्याला द्यायचं हे वेगळं ठरवावं लागत नाही.

पंप खाली का होता? कारण पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबावर आणि व्यवहारात सहा-सात मीटरपलीकडे ते खेचलं जात नाही. म्हणून पंप विहिरीच्या कडेला खाली, ओट्यावर बसवायचा. पट्ट्याचा उतार त्यामुळेच. माझ्या चौकटीतली तिरकी रेघ अशी या विहिरीच्या खोलीतून आली होती.

दुसऱ्या यंत्रांनाही हाच प्रश्न विचारा. गुऱ्हाळाच्या चरकात ऊस एका बाजूने जातो, चिपाड दुसऱ्या बाजूने पडतं आणि रस खाली गळतो. चरक बाजूने घेतला तर तिन्ही वाटा दिसतात. तोंडाकडून घेतला तर नुसती लोखंडी भिंत दिसते. यंत्रमागात ताणा, म्हणजे उभे धागे, मागून येतो, कापड पुढे गुंडाळलं जातं आणि आडवा धागा नेणारा धोटा आडवा पळतो. विणकर समोर उभा असायचा, त्यामुळे त्याच्या जागेवरून घेतलेला फोटो आपसूक जमतो. रोड रोलरचं सगळं काम वजनाचं, खाली दाबण्याचं. त्याच्या पायाखालची जमीन कापून टाकली तर त्याची ताकदच कापली जाते.

सांगायला कोणी नसेल तर झिजलेल्या जागा वाचायच्या. पुलीचा माथा कुठे गुळगुळीत आहे? तिथून पट्टा फिरायचा. पट्टा मधोमध राहावा म्हणून सपाट पट्ट्याची पुली मध्यावर किंचित फुगीर असते, बोट फिरवलं तर कळतं. फरशी कुठे खचलीय, ग्रीसचे काळे डाग कुठवर उडालेत, भिंतीला भोक कशासाठी पाडलंय? तात्यांच्या विहिरीवर तर इंजिनाच्याही आधीची खूण निघाली. काठाच्या दगडाला मोटेच्या दोरखंडाने पाडलेल्या खाचा.

पायरी २: एका वाक्यात विषय

कॅमेरा काढण्याआधी मनात एक वाक्य म्हणा. 'इंजिन विहिरीकडे तोंड करून बसलंय.' 'पिंपळाने सायलेन्सरचा ताबा घेतलाय.' 'हे हँडल हातांनी झिजलंय.' ही तीन वाक्यं म्हणजे तीन वेगळे फोटो: पहिला लांबून, दुसरा मधल्या अंतरावरून, तिसरा वीतभर अंतरावरून. तिन्ही एकात कोंबायला गेलात की पुन्हा तांबडा ढिगारा. वाक्यात दोनदा 'आणि' आला तर समजा, दोन फोटो काढायचे आहेत.

'जुनं इंजिन' हे वाक्य नव्हे. ती पाटी झाली.

पायरी ३: उभं कुठे राहायचं

फोटो जमतो किंवा बिघडतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर.

आधी चाकाचं बघू. चाक हा वर्तुळाचा आकार, आणि वर्तुळाच्या बाबतीत आपला डोळा फार चोखंदळ असतो. बरोबर समोरून घेतलं तर ते गोल दिसतं. चांगलं तिरकं उभं राहिलं तर अंडाकृती दिसतं आणि खोली कळते. या दोन्हींच्या अधलंमधलं, जरासंच कललेलं चाक मात्र चुकल्यासारखं वाटतं. समोरून घ्यायचं ठरवलंत तर काटेकोर समोरून घ्या: दोन्ही चाकं एकमेकांमागे लपेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मागचं चाक पुढच्याच्या आड गेलं की तुम्ही नेमके अक्षावर आलात. तिरकं घ्यायचं असेल तर बिनधास्त तीस-चाळीस अंश वळा, म्हणजे दोन चाकांमधला सिलिंडर उघडा पडतो.

समोरून, सपाट उजेडात, कुठलंही नाट्य न करता यंत्रं आणि कारखान्यांच्या इमारती टिपणारं जर्मन जोडपं होतं, बर्न्ड आणि हिला बेखर. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे ढगाळ हवेत, एकाच शिस्तीत टिपले आणि ते फोटो शेजारी शेजारी मांडले. समोरून घेतलेला फोटो कंटाळवाणाच असतो असं कोणी म्हणालं तर त्यांचं काम बघायला सांगा. पण त्या वाटेला गेलात तर पूर्ण जा. अर्धवट शिस्त सगळ्यात वाईट दिसते.

मग अंतर. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच वाइड असते, साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या बरोबरीची. तीन फुटांवरून घेतलं तर जवळचं चाक फुगतं, लांबचं आकसतं आणि अख्खं इंजिन खेळण्यातलं वाटतं. बारा-पंधरा फूट मागे जा आणि २एक्स किंवा ३एक्स वापरा. कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिलिमीटर. जवळच्या-लांबच्या आकारांचं प्रमाण ठरतं ते तुम्ही किती अंतरावर उभे आहात त्यावर. लेन्सचं काम त्यातला किती भाग घ्यायचा एवढंच. म्हणून आधी पाय, मग झूम. वाइड लेन्स मी एकाच कारणासाठी काढतो: इंजिनापासून विहिरीपर्यंतचा आख्खा उतार घ्यायचा असेल तेव्हा. तेव्हाही चाक कोपऱ्यात ठेवायचं नाही, कारण वाइड लेन्स कोपऱ्यातलं वर्तुळ ताणते.

आणि आता पोतं. इंजिन उभ्या माणसाच्या कमरेएवढं. आपण उभ्याने, पाच फुटांवरून फोटो घेतो, म्हणजे त्याच्याकडे वरून खाली बघतो. चाक गवतात बुडतं, यंत्र बुटकं दिसतं. पोत्यावर मांडी घाला. लेन्स दोन फुटांवर आली की चाकाचा वरचा काठ क्षितिजाच्या वर चढतो, मागचा ऊस खाली बसतो आणि इंजिनाला अंगापिंडाची भरदारी येते. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचे फोटो नुसतं खाली बसल्याने सुधारतील. हे सांगितलं की लोक हसतात आणि पुन्हा उभ्यानेच काढतात.

रोड रोलर माणसाहून उंच. त्यासमोर जवळ बसून कॅमेरा वर वळवला की उभ्या रेषा वर जाताना आत झुकतात. रोलरचा दरारा दाखवायचा असेल तर हे चांगलंच आहे. नको असेल तर मागे जा आणि कॅमेरा रोलरच्या निम्म्या उंचीवर, सरळ धरा.

पायरी ४: मागे काय आहे

गंजाचा रंग आणि वाळल्या गवताचा रंग सख्खे भाऊ. एप्रिलमध्ये तर कळतही नाही, यंत्र कुठे संपलं आणि रान कुठे सुरू झालं. डोळ्याला वेगळं दिसतं कारण आपल्याला दोन डोळे आहेत. कॅमेरा एकाक्ष आहे. वेगळेपण त्याला जागा बदलून दाखवावं लागतं.

माझी कसोटी अशी: चाकाचे आरे मोजता येतात का? आऱ्यांच्या मागे आभाळ, लांबची सावली किंवा एकरंगी भिंत असेल तर एकेक आरा सुटा दिसतो. मागे काटेरी झुडूप असेल तर आरे त्यात विरघळतात. वीतभर डावीकडे, वीतभर खाली, पुन्हा मोजायचे. हँडल, सायलेन्सर, टाकीची नळी, प्रत्येक ठळक आकाराभोवती थोडी मोकळी जागा सुटली पाहिजे. नळी चाकाच्या काठाला नुसती टेकलेली असेल तर ते दृश्य खटकतं. एकतर ती पूर्ण आरपार जाऊ दे, नाहीतर सुटी राहू दे.

विजेचा खांब सायलेन्सरच्या डोक्यातून उगवलाय का? ठिबकच्या निळ्या टाकीचा कोपरा डोकावतोय का? मालकाची मोटरसायकल? आरशासारखी चमकणारी प्लास्टिकची पिशवी? डोळे बारीक करून बघा. तपशील पुसले जातात, उजळ ठिपके तेवढे उरतात. त्यातला एखादा यंत्रापेक्षा जास्त ओढत असेल तर तो तरी चौकटीबाहेर काढा, नाहीतर यंत्राच्या आड लपवा.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करतो खरा, पण ती धूसरता हिशोबाने रंगवलेली असते. आऱ्यांमधली, जाळीमधली जागा त्याला नीट कळत नाही, दोन-चार आऱ्यांचे तुकडे तो गिळून टाकतो. यंत्रांसाठी तो बंदच ठेवा.

पायरी ५: मोकळी जागा आणि कडा

ताकद ज्या दिशेला जायची त्या दिशेला जागा सोडा. इंजिनाची पुली उजवीकडे असेल तर इंजिन डावीकडे ठेवायचं आणि उजवीकडची ओसाड जमीन, तो उतार, ते बोल्ट चौकटीत घ्यायचे. मोकळी दिसणारी ती जागा पट्ट्याची असते. बघणाऱ्याला पट्टा कधीच माहीत नसला तरी नजर त्या बाजूला उतरते. उलट इंजिन उजव्या कडेला चिकटवलं तर ते भिंतीवर डोकं आपटल्यासारखं वाटतं.

मुद्दाम उलटं करायलाही हरकत नाही. वर्कशॉपच्या आवारात एक रोलर भिंतीला नाक लावून उभा होता, तिथे मी पुढे इंचभरही जागा सोडली नाही.

मग कडा बघायच्या, चारही, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. कापायचं तर निर्धाराने कापायचं. चाकाचा काठ केसभर कापला गेला तर ती चूक दिसते, एकतृतीयांश कापला तर तो निर्णय वाटतो. खाली पाया ज्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसलाय तो शक्यतो पूर्ण घ्या, नाहीतर यंत्र तरंगतं. ग्रिड आणि लेव्हल चालू ठेवा. इंजिन कललेलं असेल तर क्षितिज सरळ ठेवा, म्हणजे ते खरंच खचलंय हे कळेल. दोन्ही तिरके झाले तर दोष फोटोग्राफरचा ठरतो.

चौकटीचा आकारही विषयावरून ठरवा. एकटं चाक चौरसात चांगलं बसतं. इंजिन-विहीर ही जोडी आडव्यात. पिंपळ उगवलेला सायलेन्सर उभ्यात.

पायरी ६: उजेड

गंज म्हणजे पापुद्रे आणि खड्डे, आणि ते दिसतात बाजूने सरपटत येणाऱ्या उन्हात. सकाळी पहिला तास-दीड तास आणि संध्याकाळचा शेवटचा, हे सगळे सांगतात. आपल्याकडचा हिशोब थोडा पुढे नेऊ. सांगलीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या उन्हात चाकाची सावली चाकाच्याच पायाशी गोळा होते, काही हाती लागत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य जेमतेम ५० अंशांवर चढतो, म्हणजे दिवसभर तिरका उजेड. परगावी जाऊन एकाच दिवसात काम उरकायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा.

मी मात्र जुलै सोडत नाही. ढगाळ हवेत सावल्या मऊ होतात, ओला गंज गडद आणि रसरशीत होतो, भोवती हिरवं रान. तांबडं आणि हिरवं एकमेकांना उठाव देतात. पोलरायझर (लेन्सवर लावायचा झळाळी कापणारा फिल्टर) असेल तर तो पानांवरची आणि ओल्या रंगावरची पांढरी झळाळी कमी करतो, रंग आणखी खुलतात. उघड्या, घासलेल्या धातूवरची चमक मात्र त्याने जात नाही, तिच्यासाठी जागाच बदलावी लागते. ढगाळ आभाळ फोटोत पांढरी चादर होऊन बसतं, म्हणून त्या दिवशी आभाळ कमीत कमी घ्यायचं.

उजेड मागून असेल तर यंत्राची नुसती काळी आकृती करता येते. आऱ्यांची कसोटी इथे दुप्पट लागू. सूर्य सायलेन्सरच्या किंवा हँडलच्या आड लपवला तर चौकटीत झळ येत नाही.

एक्स्पोजरचं थोडक्यात: गडद यंत्र चौकट भरून असेल तर कॅमेरा त्याला फिकट करतो. पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), मोबाइलवर बोट दाबून धरा आणि सूर्याची खूण खाली ओढा. कॅमेऱ्यावर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ ते एफ ११ पुरेसं. एफ १६ च्या पुढे बारीक तपशील मऊ पडू लागतात. फोकस पुढच्या चाकाच्या तुंब्यावर किंवा कंपनीच्या नावाच्या पट्टीवर.

छपराखाली

बंद शेडमध्ये अडचण उलटी. बाहेर लख्ख ऊन, आत मिट्ट काळोख. खिडकी चौकटीत घेतली की तिचा पांढरा चौकोन होतो आणि नजर तिथेच चिकटते. खिडकी चौकटीबाहेर ठेवून तिचा उजेड यंत्रावर बाजूने पडू द्या. खिडकी हवीच असेल तर ट्रायपॉडवर तीन फोटो घ्या, एक बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त, आणि घरी जोडा. पत्र्याच्या भोकांतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपा दिवसभर जमिनीवर सरकत असतात. त्यातली एखादी नेमकी पुलीवर येईपर्यंत थांबायला मला आवडतं. पाऊण तास थांबलोय. डबा बरोबर ठेवा.

संध्याकाळी टॉर्चची गंमत करता येते. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची तीव्रता) १००, एफ ८, वीस सेकंद इथून सुरुवात. कॅमेऱ्याच्या बाजूने उजेड मारू नका, सगळं सपाट होतं. आडवं चालत जाऊन यंत्राच्या बाजूने मारा आणि टॉर्च हलती ठेवा.

शेडमध्ये यंत्रं रांगेने असतील तर विषय बदलतो. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. आता तिथे नव्या धाटणीचे माग येतायत आणि जुने साधे माग किलोवर विकले जातायत. त्यामुळे अर्ध्या रिकाम्या शेड बघायला मिळतात. एका मागाचा फोटो काढलात तर ती एका यंत्राची गोष्ट. रांग घेतलीत आणि मधला एक माग उचलून नेल्याची मोकळी जागा, चार बोल्ट आणि तेलाचा चौकोन घेतलात, तर गोष्ट वेगळी. रांग दाखवायला थोडी उंच जागा लागते, म्हणजे प्रत्येक माग पुढच्याच्या डोक्यावरून दिसतो. इथे लांब उभं राहून टेली लेन्सने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, घेतलं की रांग दाटते. पोतं इथे उपयोगाचं नाही, स्टूल मागून घ्या.

पायरी ७: जवळ

मोठा फोटो झाला की मगच जवळ जा. लोक उलटं करतात, नटबोल्टांचे पन्नास क्लोजअप घेऊन येतात आणि यंत्र कुठलं ते कळत नाही.

जवळून घ्यायचं ते तीन कारणांसाठी. पहिलं, माणसाचा हात लागल्याची खूण: हँडलची मूठ, लिव्हरचं टोक, टाकीच्या झाकणाला बांधलेली चिंधी. दुसरं, नाव: ओतीव अक्षरं, पट्टीवरची अश्वशक्ती आणि फेरे. आमच्याकडे हे नाव वाचायला वेगळीच मजा येते. किर्लोस्करवाडी इथून हाकेवर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना घातला. लोखंडी नांगर त्याच्याही आधीचा, १९०३ चा. ओतीव अक्षरं समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये वाचता येत नाहीत. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरा, सावल्या पडतील आणि झिजलेलं अक्षरही उठेल. तिसरं, जीव: आऱ्यात विणलेलं कोळ्याचं जाळं, टाकीत साचलेलं पाणी, पुलीवर बसलेली साळुंकी.

जवळून घेताना सेन्सर पृष्ठभागाला समांतर ठेवा, नाहीतर पट्टीचं एक टोक स्पष्ट आणि दुसरं धूसर येईल.

घरी आल्यावर

गंज आधीच बोलका असतो. रंगाची पट्टी उजवीकडे ओढली की तो टोमॅटो सॉस होतो. फार तर नारिंगी किंचित वाढवा आणि गवताचा पिवळा कमी करा. क्लॅरिटी आणि एचडीआर जपून वापरा. मोबाइल स्वतःच भरपूर करून ठेवतो, शक्य असेल तर रॉ (कॅमेऱ्याने न रंगवलेली मूळ फाइल) घ्या. रंग यंत्र आणि रान वेगळं करत नसेल तर कृष्णधवल करून बघा. तिथेही नारिंगी उजळ आणि हिरवा गडद केला की इंजिन पुढे येतं.

फोटोबरोबर दोन ओळी लिहून ठेवा: गाव, महिना, पट्टीवरचं नाव-आकडे, काय काम करायचं, कधी बंद पडलं. पुढच्या वर्षी तुम्ही जाल तेव्हा चौथरा तेवढा असेल.

हात लावण्याबद्दल

फांदी बाजूला धरणं, पिशवी उचलणं, इथवर ठीक. पट्टी खरवडणं, चाक फिरवून बघणं, नट काढून खिशात टाकणं नाही. हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका.

तात्यांच्या इंजिनाच्या सायलेन्सरवर पत्र्याचा एक डबा उपडा घातलेला होता. वनस्पती तुपाचा, अजून चकचकीत. सकाळच्या उन्हात तो असा काही झळकत होता की सगळी नजर त्याच्यावरच जायची. मी तो काढला, गवतात ठेवला, मनासारखा फोटो मिळवला. इंजिन डावीकडे, उतार उजवीकडे, दगडातल्या खाचांवर ऊन. बारा बाय अठराचा प्रिंट काढला आणि पंधरा दिवसांनी तात्यांना नेऊन दिला.

त्यांनी चश्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"डबा कुठाय?"

मला आधी कळेना. मग पोटात गोळा आला. मधल्या आठवड्यात दोनदा अवकाळी पाऊस झाला होता.

"पावसाचं पानी आत जातंय त्यातनं," तात्या म्हणाले. "पंधरा वर्सं झाकून ठिवलंय म्या."

दोघं विहिरीवर गेलो. डबा गवतात होता तिथेच सापडला, आत गोगलगाय. तात्यांनी तो झटकला, सदऱ्याला पुसला आणि सायलेन्सरवर घातला. मग मला म्हणाले, आता काढ फोटू.